थोरल्याच्या वेळची भिंत

थोरल्याच्या वेळची भिंत तिनं सातव्या महिन्यापर्यंत बांधली. आठव्यात सासूनं हातातली पहार काढून घेतली आणि तिला चिपा गोळा करायला बसवलं. चिपा म्हणजे मोठ्या दगडांच्या सांध्यात ठोकून बसवायचे कपचे. ते बसल्या जागी गोळा होतात असा सासूचा समज होता. सासूनं आयुष्यात भिंत बांधली नव्हती. नवव्यात भिंत पुरी झाली आणि चार दिवसांनी थोरला झाला. दोघांत भिंत जास्त सरळ निघाली, असं तिचा नवरा चारचौघांत सांगायचा. थोरला आता बत्तीस वर्षांचा बाप्या झाला, त्याची बायको घरात आली, तरी ते सांगणं काही सुटलं नव्हतं.

टेकडी उभी होती. उतारावर नुसता मुरूम, वर चार काटेरी झुडपं. तिथं शेत करायचं तर आधी भिंत घालावी लागे, मग भिंतीच्या पाठीशी ओढ्यातली माती पाटीनं वाहून भरावी लागे, आणि मग त्या मातीला समजावून सांगावं लागे की बाई, इथंच राहा. अशा तीन भिंती, तीन पायऱ्या. सगळ्यांत खाली थोरल्याची, तिच्यावर मधल्याची, अगदी वर धाकटीची. ज्या पोराच्या वेळेला पोटुशी असताना जी भिंत उभी राहिली, तिला त्या पोराचं नाव. "मधल्याच्या कडेला कांदे लावले", "शेळी धाकटीवर चढलीय, हाकल", असं घरात सर्रास बोललं जाई, आणि कुणाला त्यात हसण्यासारखं वाटत नसे. धाकटी लग्न होऊन परगावी गेली, तरी शेळ्या तिच्यावर चढतच होत्या.

गावात तिला भिंतवाली म्हणत. नवऱ्याला ओळंबा. दोरीला टांगलेल्या लोखंडी लंबकासारखा तो तरुणपणी सरळसोट होता म्हणे. पुढं एका दगडानं कंबर धरली आणि माणूस काटकोनात वाकला; नाव मात्र सरळच राहिलं. आता तो बांधावर पोतं टाकून बसे आणि बसल्या बसल्या सांगे, "तो दगड दोन बोटं बाहेर आलाय." तपासलं तर दोनच बोटं निघत.

दोन वर्षांपूर्वी थंडीत प्राध्यापक आले, तेव्हा ओळंबा नेमका दवाखान्यात गेला होता. नाहीतर पुढचं बरंचसं टळलं असतं.

प्राध्यापक निवृत्त होते, सज्जन होते, आणि त्यांच्या डोक्यावर कापडी टोपी होती. त्यांना सरकारनं एक पुस्तक लिहायला सांगितलं होतं : या साऱ्या प्रदेशाचा भूगोल, इतिहास आणि संस्कृती, एका खंडात, मार्चअखेर. भूगोल त्यांनी नकाशावरून उरकला होता. संस्कृतीसाठी एक दिवस राखून ठेवला होता. इतिहास काही केल्या पुरेसा सापडत नव्हता; शेजारच्या प्रदेशाच्या खंडात इतिहासाची दोनशे पानं होती आणि इकडं ऐंशीवर गाडी अडली होती. अशा मनःस्थितीत माणूस टेकडी चढून वर आला आणि समोर एकावर एक तीन दगडी भिंती दिसल्या.

"बाई, ही भिंत कधीची?"

भिंतवाली त्या वेळी दोरीचं टोक दातात धरून दुसऱ्या टोकाशी गाठ मारत होती. ती दातांतूनच म्हणाली, "थोरल्याच्या वेळची."

"थोरल्यांच्या!" प्राध्यापक म्हणाले. तो अनुस्वार त्यांनी स्वतःच्या पदरचा घातला. थोरला त्या वेळी पलीकडं शेळीच्या खुरात अडकलेला खडा काढत होता. एका टिंबात तो राजा झाला आणि त्याला पत्ताही लागला नाही.

"आणि ती अगदी वरची?"

"धाकटीच्या वेळची."

"धाकट्या राणीसाहेब," प्राध्यापक वहीत लिहिता लिहिता पुटपुटले. "आणि ही मधली?"

तिनं गाठ आवळली. दोरी दातातून काढली. "मधल्याची," म्हणाली, आणि उठून शेळ्यांकडं गेली.

जाता जाता प्राध्यापकांना आणखी एक गोष्ट दिसली. प्रत्येक भिंतीत वाटेच्या बाजूला एक लांब दगड होता, भिंतीच्या आरपार गेलेला. घरात त्याला जामीन म्हणत, कारण तो भिंतीच्या दोन्ही अंगांची हमी घेऊन मधे पडून राही. त्याच्या गुळगुळीत तोंडावर छिन्नीनं आडव्या रेघा कोरलेल्या होत्या. खालच्या भिंतीत अकरा, वरच्या भिंतीत नऊ. मधलीत दोन. प्राध्यापकांनी त्यांचे फोटो काढले, चहाला नको म्हटलं आणि जवळजवळ पळत खाली उतरले.

पुस्तक पुढच्या वर्षी आलं. शाळेला एक प्रत मिळाली, ती मास्तरांनी सुनेला दोन दिवस वाचायला दिली. सून बारावी झालेली. तिनं अंगणात बसून पान एकशे बेचाळीस मोठ्यानं वाचलं :

"'येथील जमीन निकृष्ट असून लोक मितभाषी आहेत. टेकडीवर थोरल्या राजांच्या काळातील तिहेरी तटबंदी असून वरचा तट धाकट्या राणीसाहेबांनी बांधविला. मधल्या तटाविषयी स्थानिकांत आजही एक प्रकारचे मौन आढळते. तेथे घनघोर लढाई होऊन मोठी हानी झाली असावी. तिन्ही तटांत शिलालेख असून ते अद्याप वाचले गेलेले नाहीत.'"

ओळंबा इतका हसला की कंबर धरून खाली बसला. थोरला दाढी खाजवत म्हणाला, "म्हणजे मी राजा?" सून म्हणाली, "हो. राजे, शेळ्या सोडा, ऊन वर आलं." तेव्हापासून ती त्याला राजेच म्हणू लागली आणि हुकूम पूर्वीपेक्षा जास्त सोडू लागली.

भिंतवाली मात्र हसली नाही. "ते मधलं परत वाच," म्हणाली. सुनेनं वाचलं. मधला दीड वर्षांचा होऊन तापानं गेला होता, हे सुनेला माहीत होतं; घरात ते कुणी बोलत नसे, एवढंही माहीत होतं. तिनं 'मोठी हानी' हे शब्द हळू वाचले आणि पुस्तक मिटलं.

तोवर ही एक गंमतच होती. सुगी उरकल्यावर एके दिवशी एक टेम्पो आला आणि टेकडीच्या पायथ्याला लोखंडी पाटी रोवून गेला : 'संरक्षित तटबंदी. दगडास हात लावू नये.' पाटीबरोबर राखणदारही आला. तो काही लांबून आला नाही. शेजारचाच, ज्याला सगळे डुलकी म्हणत, कारण तो उभ्या उभ्या झोपू शके. त्याला टोपी मिळाली, शिट्टी मिळाली आणि एक छापील कागद मिळाला. कागदावर लिहिलं होतं की दगडास कोणी हात लावल्यास राखणदाराने तात्काळ शिट्टी वाजवावी. शिट्टी कोण ऐकणार, हे कागदावर नव्हतं.

"वहिनी, राग मानू नका," डुलकी म्हणाला. "पोटासाठी करतोय."

"राग कसला? आमच्या भिंतीला राखण मिळाली. बसा सावलीला."

पण भिंतीला पोट सुटलं होतं. गेल्या पावसाळ्यात मधल्याच्या पाठीमागं पाणी तुंबलं, आतली माती फुगली आणि भिंत मध्यावर बाहेर ढकलली गेली. ओळंब्यानं पोत्यावरूनच पाहिलं होतं. मग स्वतः सरपटत गेला, वरून दोरी सोडली, आणि लंबक भिंतीच्या पायापासून लांब लोंबकळत राहिला.

"चार बोटं," तो म्हणाला.

उन्हाळा चढला तशी पाच झाली. सांध्यांतल्या चिपा आपोआप गळू लागल्या. सकाळी भिंतीखाली कपच्यांचा सडा पडलेला असे, रात्री कुणीतरी दाणे टाकून गेल्यासारखा. आता एक पावसाळा ही भिंत धरणार नाही, हे सांगायला ओळंब्याची गरज नव्हती. मधली बसली की तिची माती थोरल्याच्या अंगावर येणार, थोरल्याची ते वजन पेलणार नाही, आणि तीस वर्षं डोक्यावरून वर नेलेली माती एका दुपारीत ओढ्यात जाणार. भिंत उतरवून पायापासून पुन्हा घालायची, दुसरा इलाज नव्हता. हाताशी महिना होता.

"परवानगी काढू," थोरला म्हणाला. तो भांडणाला भिणारा माणूस. कुणी आवाज चढवला की त्याचा आवाज खाली जाई.

तो तालुक्याला गेला. पुराणवस्तूंच्या ऑफिसात एक कारकून होता, त्याच्या टेबलावर पंखा होता आणि पंख्यामुळं सगळे कागद दगडांखाली ठेवलेले होते. अर्जात एक रकाना होता : मूळ बांधकाम करणाराचे नाव. थोरल्यानं आईचं नाव लिहिलं.

"हे चूक आहे," कारकून म्हणाला. "पुस्तकात थोरले राजे आहे."

"साहेब, भिंत आईनं बांधलीय."

"पुस्तकाशी जुळलं नाही तर अर्ज खोटा ठरतो. खोट्या अर्जाला कलम आहे."

"मग राजे लिहू?"

"लिहा. पण मग तुम्ही कोण? मूळ बांधकाम करणाराची हरकत नसल्याचं पत्र जोडावं लागेल."

"राजांचं?"

कारकुनानं पहिल्यांदाच वर पाहिलं. त्यालाही थोडं वाईट वाटलं असावं. "तसा नियम आहे," तो म्हणाला. "अर्ज आला की पाहणी होते. पाहणी पावसाळ्यानंतर."

थोरला दुपारच्या गाडीनं परत आला, हातपाय न धुता उंबऱ्यात बसला आणि सगळं सांगितलं. ऐकून भिंतवाली उठली, पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला.

"पत्र पाहिजे म्हणाला?"

"हो."

"थोरल्याचं?"

"हो."

"अरे मग तू तिथं उभा होतास की!"

आधी सुनेला समजलं. ती हसत हसत आत गेली आणि वहीचा कागद आणि पेन घेऊन आली. सुवाच्य अक्षरात तिनं लिहिलं : 'मी, थोरला, माझ्या वेळच्या व माझ्या भावाच्या वेळच्या भिंतीच्या दुरुस्तीस माझी कोणतीही हरकत नाही.' "राजे, सही करा."

"चेष्टा करू नकोस. आत टाकतील."

"कर सही," आई म्हणाली. "उद्या सकाळी भिंत उतरवायची. दिवसाढवळ्या. लपूनछपून नाही, चोरी करत नाही आपण."

त्यानं सही केली.

सकाळी डुलकी पाटीखाली येऊन बसला, तेव्हा तिघं पहारी घेऊन उभीच होती. तो गडबडून उठला.

"वहिनी, हात लावला तर मला वाजवावी लागेल हो."

"वाजवा. तुमचं काम तुम्ही करा, आमचं आम्ही."

तिनं वरचा पहिला दगड उचलला. डुलकीनं शिट्टी वाजवली. ओढ्याकाठचे बगळे उडाले. बाकी कुणी आलं नाही. तिनं दुसरा उचलला. शिट्टी. तिसरा. शिट्टी. दहाव्या दगडापर्यंत डुलकीचे गाल दुखायला लागले.

"वहिनी, एकेकाला वाजवायची का पाटीभराला एकदा, ते कागदावर नाहीय."

"मोठ्याला वाजवा," ओळंबा पोत्यावरून म्हणाला. "चिपांना माफी."

तसं ठरलं. दिवसभर दगड निघत राहिले. मोठे एका रांगेत, मधले दुसऱ्या, चिपांचा ढीग वेगळा. प्रत्येक दगडाची एक बाजू तोंडाची असते, ती वर करून ठेवायची, म्हणजे लावताना शोधावं लागत नाही. भिंतवालीचं वय साठीला टेकलं होतं. तरी दगड उचलताना ती आधी त्याच्याभोवती एक फेरी मारी, मग वाके, मांड्यांवर जोर घेई आणि पोटाशी धरून सरळ होई. सुनेनं पहिल्याच दिवशी कंबरेतून उचलायचा प्रयत्न केला.

"कंबर नको," ओळंबा ओरडला. "माझ्याकडं बघ, कंबरेचं काय होतं ते."

दुसऱ्या दिवशी थोरल्याचं नख दगडाखाली आलं. त्यानं फडकं गुंडाळलं आणि काम चालू ठेवलं. गंमत म्हणजे भ्यायला त्याला वेळच मिळत नव्हता. भिंतीच्या पोटातला भराव निघू लागला तसं आत काय काय सापडलं. फुटक्या कौलांचे तुकडे. सायकलचं मोडकं पेडल. रबरी चपलेचा एक तळवा, भिंतवालीच्या स्वतःच्या, निळ्या पट्ट्याच्या. सांध्यात चीप कमी पडली तेव्हा तिनंच तो ठोकून बसवला होता आणि घरी एका पायानं अनवाणी गेली होती.

"राजांची चप्पल," ओळंबा म्हणाला. "नीट ठेवा."

तिसऱ्या दिवशी जामीन उघडा पडला. तो काढायला तिनं कुणाला पुढं येऊ दिलं नाही. पहारीनं सैल केला, खाली दोन फळ्या घातल्या, मग थोरल्याला हाक मारली आणि दोघांनी तो सरकवत सरकवत बांधावर घेतला. दोन रेघांवर तिनं पोतं टाकलं. डुलकीच्या तोंडात शिट्टी होती, पण ती वाजली नाही. कागदात बसत नव्हतं, तरी वाजली नाही.

चौथ्या दिवशी पाया भरला. मोठे दगड, तोंड बाहेर, शेपूट आत. पाचव्या दिवशी भिंत कंबरेला आली, जिथं जामीन बसायचा तिथवर. पश्चिमेला ढग जमू लागले होते. हवा चिकट झाली होती, घामावर धूळ बसून सगळ्यांचे हात एकाच रंगाचे झाले होते. तेव्हा खाली जीप थांबली.

शिट्टी ऐकून नव्हे. तालुक्याला कुणीतरी सांगितलं होतं. एक तरुण साहेब उतरला, बगलेत फाईल. मागं दोरखंड घेतलेले चार मजूर. आणि सगळ्यांत शेवटी, टोपी सांभाळत, प्राध्यापक.

साहेब चढून आला, दम घेतला आणि सभ्यपणे म्हणाला, "काम थांबवा."

"थांबवते," भिंतवाली म्हणाली. "ढग तुम्ही थांबवा."

"बाई, हा थोरल्या राजांचा तट आहे. परवानगीशिवाय..."

सुनेनं कमरेला खोचलेला कागद काढून दिला. साहेबानं तो वाचला. पुन्हा वाचला. "हे थोरले म्हणजे कोण?"

"हे काय," सून म्हणाली.

थोरला दोन्ही हातांत दगड घेऊन उभा होता. हात जोडणं शक्य नव्हतं, म्हणून त्यानं हनुवटीनं नमस्कार केला. चार मजुरांपैकी एकजण फिस्सकन हसला आणि खोकल्याचं नाटक करू लागला.

प्राध्यापक पुढं आले. त्यांनी थोरल्याकडं पाहिलं, उन्हात ठेवलेल्या निळ्या पट्ट्याच्या तळव्याकडं पाहिलं. "बाई," ते म्हणाले, "तुम्ही मला थोरल्यांच्या वेळची म्हणाला होतात."

"थोरल्याच्या म्हणाले होते. वरचं टिंब तुमचं."

"म्हणजे वेळ..."

"दिवस गेले होते तेव्हाची वेळ, सर," सुनेनं समजावलं. त्या माणसाचा चेहरा बघून तिला दया आली. "बायका तसंच म्हणतात."

प्राध्यापकांनी एकेक करून तिन्ही भिंतींकडं पाहिलं. खालची, वरची. मधलीवर त्यांची नजर थांबली आणि तिथून ती त्यांना उचलेना.

साहेबाची अडचण वेगळी होती. त्याच्या फाईलमध्ये सहीशिक्क्याचा हुकूम होता. "ते काहीही असो," तो म्हणाला. "पुस्तक छापून झालंय, नोंद झालीय. नोंद रद्द होईपर्यंत हा तटच आहे. आणि तट धोक्यात आहे म्हणून त्यातला शिलालेख संग्रहालयात न्यायचा, असा हुकूम आहे. तो कुठंय?"

सगळ्यांनी एकदम जामिनावरच्या पोत्याकडं न पाहण्याची इतकी काळजी घेतली की साहेब थेट पोत्यापाशी गेला. त्यानं पोतं उचललं. मजुरांनी दोरखंड सोडला.

ओळंबा आपल्या पोत्यावरून उठायला लागला. एरवी त्याला कुणीतरी हात द्यावा लागे, तो न घेताच उठला. पण त्याच्या आधी भिंतवाली दगडापाशी पोचली होती.

"लेख आहे ना?" ती म्हणाली. "वाचा आणि न्या."

"तो अजून वाचला गेलेला नाही."

"तुमच्याकडं शिकलेली माणसं आहेत. दोनच ओळी आहेत. वाचा."

साहेब प्राध्यापकांकडं पाहू लागला. प्राध्यापकांनी नकारार्थी मान हलवली.

"मग मी वाचते." तिनं खालच्या रेघेवर अंगठा ठेवला. दगडाची धूळ अंगठ्याला लागली. "ही त्याची उंची, पहिल्यांदा धरून उभा राहिला त्या दिवसाची. त्याचे वडील छिन्नी घेऊन आले, तर छिन्नीच धरायला बघत होता." अंगठा दीड बोट वर सरकला. "ही चार महिन्यांनी. तेव्हा धरावं लागत नव्हतं." मग तिनं हात सपाट करून वरच्या कोऱ्या दगडावर ठेवला. "पुढं लिहिलेलं नाही. झालं वाचून. आता न्यायचा तर मला ओलांडून न्या."

वारा सुटला होता. पोत्याचं टोक फडफडत होतं. प्राध्यापकांनी टोपी काढली आणि ती कुठं ठेवावी ते न सुचून दोन्ही हातांत धरून उभे राहिले.

"मी शुद्धिपत्र काढीन," ते म्हणाले. "प्रत्येक प्रतीत चिकटवीन. स्वतः."

"काढा. राजाराणीचं काय ते दुरुस्त करा. मधल्याचं काही लिहू नका. आम्ही मितभाषी आहोत ना, तेवढं राहू द्या."

"लढाई तरी खोडतो."

तिनं थोडा विचार केला. "खोडा. लढाई आता चालू आहे ती."

साहेब फाईल उघडून उभा होता. वाईट माणूस नव्हता तो. त्याला फक्त परत जाऊन काहीतरी सांगायचं होतं. त्यानं पेन काढलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाला, "काम थांबवण्याची तोंडी सूचना दिली."

"लिहा," भिंतवाली म्हणाली. "आणि ऐकली नाही, हेही लिहा. नाव माझं लिहा. अर्जातलं कारकुनानं चूक ठरवलंय तेच."

पेन थांबलं. मग साहेबानं तिचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. त्यानं ते लिहिलं, ऱ्हस्वदीर्घ विचारून घेऊन. सरकारी कागदावर भिंतीसमोर तिचं नाव आलं ते असं, कसूरदार म्हणून, पण आलं.

मजुरांतला तो फिस्सकन हसणारा इतका वेळ जामिनाकडं बघत होता. माणूस गवंडीकाम केलेला असावा. "साहेब," तो म्हणाला, "हा दगड असा उघड्यावर ठेवणंही बरं नाही. आणि हे तिघं. चढवायला तिघांना नाही झेपायचा."

साहेबानं त्याच्याकडं पाहिलं, ढगांकडं पाहिलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं. "मी गाडीत बसतो," तो म्हणाला, आणि मागं न बघता टेकडी उतरू लागला. हुकमात दोरखंडाबद्दल काही नव्हतं, त्यामुळं दोरखंड वरच राहिला.

दोन फेऱ्यांत दोर आवळला. दोघं मजूर या बाजूला, दोघं त्या. थोरला खालून, खांदा लावून. सून पहार घेऊन भिंतीवर. प्राध्यापकांनाही काहीतरी करायचं होतं, म्हणून त्यांच्या हातात चिपांची पाटी दिली. ती त्यांनी अगदी पोथीसारखी धरली.

"हळू," ओळंबा म्हणाला. तो उभा होता, वाकलेला, हातात लंबक घेऊन. "तोंड वाटेकडं. रेघा वाटेकडं आल्या पाहिजेत."

"माहीत आहे," भिंतवाली म्हणाली.

दगड वर गेला, क्षणभर दोरावर फिरला, आणि पूर्वीच्या जागी टेकला. भिंतीत एक जड, खोल आवाज झाला.

खाली पाटीशेजारी डुलकी उभा होता. टोपी सरळ होती, डोळे उघडे होते. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि शिट्टी वाजवली, इतकी लांब की जीपमध्ये बसलेल्या साहेबानं डोकं बाहेर काढलं. मग शिट्टी तोंडातून काढून त्यानं मान तिरकी केली, एक डोळा मिटला.

"वहिनी," तो ओरडला, "जरा डावीकडं."